नेम कोणाचा? पॉइंट टू-टू रायफलीच्या अचूकपणाची कथा

नेमबाजीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अर्जुन उभा राहतो. झाडावरचा पक्षी, पक्ष्याचा डोळा आणि त्या डोळ्याखेरीज काहीही न दिसणारा तो शिष्य, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोष्ट चांगली आहे. एकाग्रतेचा धडा तिच्यात आहे. परंतु तो बाण सरळ कोणी केला, त्याला पिसे समतोल कोणी लावली, धनुष्य कोणी तासले, हे मात्र त्या गोष्टीत कोणी विचारीत नाही. बाण जर रेसभर वाकडा असता तर एकाग्रता कितीही असून पक्ष्याचा डोळा शाबूत राहिला असता! आजच्या आमच्या विषयाचे सार एवढ्यात आले. ते एका छोट्या रायफलीच्या इतिहासावरून आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत बंदुकीचा विषय काढावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. तर आधीच सांगून टाकतो की ही बंदूक लढाईची नव्हे. तुमच्यापैकी जे एन.सी.सी.त होते त्यांनी ती हाताळलेली आहे. तिला सगळे ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात, कारण तिच्या नळीचे भोक इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, म्हणजे साडेपाच मिलिमीटरांच्या आसपास असते. हिची कीर्ती आहे ती कागदावरच्या काळ्या वर्तुळाशी. पन्नास मीटरांवर, म्हणजे जवळजवळ एकशे चौसष्ट फुटांवर, एक कागद लावावयाचा. त्याच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. सदऱ्याची गुंडी असते तेवढेच ते. आणि आजचा चांगला नेमबाज तेथे साठांपैकी बहुतेक सर्व गोळ्या घालतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट अशक्य होती. ती शक्य कशी झाली? माणसाचा डोळा आणि हात तर तेच आहेत. बदलली ती वस्तू, आणि ती बदलली कारखान्यात.

मूळ फ्रान्समध्ये सापडते. १८४५ साली पॅरिसच्या लुई निकोला फ्लोबेर या कारागिराने बंदुकीच्या टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या कॅपवर, एक बारीक गोळी बसविली. वेगळी दारू नाही. टोपीतल्या मसाल्याच्या जोरावरच गोळी जावयाची. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात बसून निशाणे मारण्याचा हा खेळ होता. पुढे अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ साली याच कल्पनेतून थोडी काळी दारू भरलेले पूर्ण काडतूस तयार केले. आणि १८८७ साली मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कंपनीने त्याची नळकांडी लांब करून, चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची गोळी बसवून, ज्याला आज ‘लाँग रायफल’ म्हणतात ते काडतूस बाजारात आणले. तेच काडतूस, त्याच मापाने, आजही जगभर चालू आहे. एकशे चाळीस वर्षे माप न बदललेली कारखान्याची वस्तू विरळाच.

या काडतुसाची रचना समजल्याशिवाय पुढची कथा समजावयाची नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी बसविलेली असते. हिच्यात तशी टोपी नाही. बुडाला जी बाहेर आलेली कड असते ती आतून पोकळ असून मसाला त्या पोकळीत बसविलेला असतो. घोड्याची टाचणी कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो, दारू पेटते आणि गोळी निघते. कड एकदा चेपली की ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मोठ्या रायफलीचा शौकीन घरी तराजू मांडून, दारू वजन करून, स्वतःची काडतुसे स्वतः भरू शकतो. आपल्या रायफलीला जे मानवेल ते करून बघू शकतो. टू-टूच्या नेमबाजाला तो मार्ग बंद आहे. त्याला डबी उघडून कारखान्याने जे दिले ते वापरावे लागते. म्हणजे त्याच्या नेमाचा अर्धा भाग त्याने कधीही न पाहिलेल्या कामगाराच्या हाती असतो. हे अवलंबन टू-टूच्या सबंध इतिहासाचा कणा आहे.

आता हा दिवाणखान्यातला खेळ कामकऱ्यांपर्यंत कसा आला ते पाहू. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांचे दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांशी युद्ध झाले. घोड्यावर बसलेल्या शेतकऱ्याचा नेम चांगला आणि साम्राज्याच्या शिपायाचा कच्चा, हे त्या युद्धाने जगाला दाखविले. इंग्लंडातले धुरीण हादरले. १९०१ साली मेजर जनरल लुआर्ड यांच्या पुढाकाराने तेथे एक संस्था निघाली. तिचे नावच ‘कामकरी लोकांच्या रायफल क्लबांची सोसायटी’ असे होते. मोठ्या रायफलीला मैल-मैल मोकळी जागा हवी आणि काडतूस महाग. गिरणीतून सहा वाजता सुटणाऱ्या माणसाला ते परवडावे कसे? टू-टूला मात्र एखादी लांब खोली, भिंतीशी वाळूची रास आणि काही पैसे एवढे पुरे. हिवाळ्याच्या संध्याकाळी हे क्लब भरू लागले. १९०३ साली दुसरी एक संस्था त्यात मिळून तिचे नाव बदलले, आणि १९४७ सालापासून ती ‘नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते.

या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते होते फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स. हे तेच रॉबर्ट्स, जे १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. त्यांच्या देशात मजुराच्या हाती रायफल देण्याची घाई चालली होती. आणि आपल्या देशात? येथे लिटनसाहेबांचा १८७८ चा शस्त्रांचा कायदा अंमलात होता. गोऱ्याला त्यातून सूट होती आणि एतद्देशीयाला परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्याची बंदी. काँग्रेसच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. विलायतेतल्या मजुराला तरी ही रायफल प्रेमापोटी मिळाली असे समजण्याचे कारण नाही. साम्राज्याला उद्याचे शिपाई हवे होते. परंतु देणाऱ्याचा हेतू काहीही असो, घेणारा आपल्या बुद्धीने घेतो. जे लोक दिवसभर लेथवर, कानशीवर, मापाच्या गेजशी काम करीत तेच संध्याकाळी रायफल हाती घेऊ लागले, आणि गोळी कोठे गेली एवढ्यावर न थांबता ती तेथे का गेली हेही विचारू लागले. नेमबाज आणि कारागीर यांची अशी गाठ पडल्यावर सुधारणांना वेग आला.

प्रथम नळीकडे वळू. पोलादी कांबीला लांब बारीक भोक पाडणे, ते रीमरने साफ करणे आणि मग आतून वळणदार खाचा, म्हणजे आटे पाडणे ही कामे यंत्रावर होतात. टू-टूच्या नळीत सोळा इंचांत आट्याचा एक पूर्ण फेर असतो. गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने निघते असे धरले तर ती सेकंदाला जवळजवळ आठशे फेरे घेत असते. भोवरा फिरता असला की उभा राहतो, तशी ही गोळी फिरती असल्यामुळे सरळ जाते. पण भोवऱ्याची आर मधोमध नसली तर काय होते ते प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. गोळीचा भारमध्य तिच्या अक्षापासून मिलिमीटरचा केवळ शंभरावा भाग सरकलेला असला, तर नळीतून सुटताना ती बाजूला फेकली जाते आणि पन्नास मीटरांवर सात-आठ मिलिमीटर चुकते. गोळीची कड दहाच्या वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण धरतात, हे जमेस धरूनही नेमबाजाला मिळणारी सारी मुभा तेवढीच आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा सहावा-सातवा हिस्सा!

हे अमेरिकेतल्या फ्रँकलिन मॅन या डॉक्टराने चिकाटीने शोधून काढले. अनेक वर्षे प्रयोग करून त्याने १९०९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. रायफल घट्ट बसवून, गोळ्यांना जाणूनबुजून खोडी करून, त्या कोठे जातात हे तो टिपीत गेला. त्याचा निष्कर्ष असा की, गोळीच्या टोकापेक्षा तिच्या बुडाची काळजी अधिक घ्यावयास हवी. बूड तिरपे असले, किंवा नळीच्या तोंडाची कड एका बाजूस झिजलेली असली, तर मागचा वायू एका अंगाने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. म्हणूनच आजही जाणकार माणूस नळी साफ करताना सळई तोंडाच्या कडेला घासू देत नाही.

त्याच काळात हॅरी पोप नावाचा एक नळीगार होऊन गेला. त्याचे मुख्य काम शिशाच्या मोठ्या गोळ्यांच्या रायफलींचे. परंतु त्याने घालून दिलेली शिस्त टू-टूलाही लागू पडली. पोपने सॅन फ्रान्सिस्कोला दुकान थाटले आणि थोड्याच दिवसांत, १८ एप्रिल १९०६ रोजी, तेथला प्रसिद्ध भूकंप होऊन सर्व हत्यारे व यंत्रे गेली. हा गृहस्थ पुन्हा पूर्व किनाऱ्यावर येऊन शून्यापासून कामाला लागला, आणि म्हातारपणापर्यंत जर्सी सिटीत नळ्या कापीत राहिला. १९५० साली तो वारला. अशा कारागिरांची खरी विद्या म्हणजे लॅपिंग. नळीत सळई घालून तिच्याभोवती वितळलेले शिसे ओतावयाचे. ते थिजले की आट्यांचा नेमका ठसा घेते. त्याला तेल व कुरुंदाची बारीक पूड लावून तो ठसा नळीतून पुढे-मागे ओढावयाचा. नळी कोठे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने सैल आणि कोठे घट्ट हे ओढणाऱ्याच्या मनगटाला कळते. घट्ट जागा घासून काढावयाची, आणि तोंडाशी मात्र किंचित घट्टपणा राखावयाचा, म्हणजे गोळी शेवटच्या क्षणापर्यंत पकडीत राहते. आज मोजमापाची यंत्रे कितीतरी सूक्ष्म आहेत, तरीही उत्तम नळ्यांचे लॅपिंग अजून हातानेच होते. मनगटाला पर्याय मिळालेला नाही.

नळीनंतर चाप आणि दस्ता. चाप दाबल्यापासून मसाला पेटेपर्यंत सेकंदाचे काही हजारांश जातात. एवढ्याशा वेळातही माणसाचे हृदय ठोका देते, हात हलतो. म्हणून घोड्याची टाचणी हलकी करणे, तिचा प्रवास कमी करणे, स्प्रिंग जोरदार करणे हा दुसरा मार्ग. विलायतेत मार्टिनी पद्धतीची रायफल प्रिय झाली याचे एक कारण तिचा घोडा थोडके अंतर चालतो हे होते. अमेरिकेत विंचेस्टरने ‘मॉडेल ५२’ ही खास निशाणबाजीची रायफल १९१९ साली स्पर्धांत दाखविली आणि १९२९ साली तिला जलद चालणारा घोडा बसविला. लाकडी दस्त्याची गोष्ट आपल्या कोकणातल्या सुताराला सांगावी लागणार नाही. पावसाळ्यात दार फुगते तसा दस्ताही फुगतो; मग त्याचा नळीवरचा दाब बदलतो आणि काल दहावर जाणारी गोळी आज नवावर जाते. यावर आधी नळी मोकळी ठेवण्याचा, मग यंत्रभाग राळेच्या लेपात बसविण्याचा, आणि पुढे ॲल्युमिनियमचा दस्ता करण्याचा उपाय निघाला.

आता काडतुसाकडे येऊ. आणि येथे आम्ही अंमळ रेंगाळणार आहोत. कडेत भरावयाचा मसाला कोरडा असताना घर्षणानेही उडतो. म्हणून तो ओलसर असताना, भोकांच्या पाट्यांमधून मोजून, शेकडो नळकांड्यांत एकदम टाकतात. मग प्रत्येक नळकांडे गरगर फिरवून तो कडेत पसरवितात. कडेच्या एका बाजूला मसाला कमी पडला तर स्फोट मंद होतो, गोळीचा वेग घटतो आणि ती खाली लागते. काडतुसांच्या कारखान्यांत हे काम करणाऱ्यांत स्त्रीकामगारांची संख्या मोठी असे. या मसाल्याने किती बळी घेतले याची एक खूण मालकांच्याच घराण्यात आहे. लंडनच्या सुप्रसिद्ध ईली कारखान्याच्या संस्थापकांपैकी विल्यम ईली हा स्वतः १८४१ साली पाऱ्याच्या स्फोटक मसाल्याच्या भडक्यात मरण पावला. मालकाचे नाव इतिहासात राहिले. अशाच भडक्यांत गेलेल्या कामगारांची नावे शोधावी लागतात.

जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. तो जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार राही. क्षार दमट हवेतले पाणी ओढी आणि एका रात्रीत नळी गंजे. दररोज पाण्याने नळी धुतली नाही तर महागडी रायफल एका मोसमात वाया जाई. बर्मिंगहॅमला गंजलेल्या वा झिजलेल्या नळीत आट्यांची नवी पातळ नळी बसवून देण्याचा धंदाच निघाला होता. गरीब क्लबांना त्याचा मोठा आधार. १९२० नंतरच्या दशकात जर्मन व अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी गंज न आणणारा मसाला बाजारात आणला आणि नळीचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. परंतु या नव्या मसाल्यात शिशाचे संयुग होते. गोळीही शिशाचीच. बंद खोलीत हजारो गोळ्या उडाल्या की हवेत शिशाचा धूर व धूळ राहते. ती श्वासातून रक्तात जाते. पोलादाचा गंज गेला, आणि विषाचा वाटा माणसाच्या वाट्याला आला! निशाण-खोलीत हवा बाहेर ओढणारे पंखे, कोरड्या झाडूऐवजी ओले पुसणे, जेवणापूर्वी हात धुणे, कामगारांच्या व शिक्षकांच्या रक्ताची वरचेवर तपासणी हे उपाय आज माहीत आहेत. ते नुसते माहीत असून भागत नाही. पंख्याला पैसे पडतात, आणि ते पैसे मागणारी संघटना असावी लागते.

येथेच ब्रिजपोर्ट शहराची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातले हे गाव म्हणजे काडतुसांचे माहेर. युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी तेथे १८६७ पासून होती. १९१५ च्या उन्हाळ्यात, युरोपात महायुद्ध पेटले असताना, तेथल्या यंत्रकामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संपांची लाट उठविली. रेमिंग्टनच्या कारखान्यात ती मागणी मान्य झाली आणि मग गावातल्या इतर कारखान्यांतही ती पसरली. स्त्रीकामगारही त्यात उतरल्या होत्या. आता कोणी म्हणेल, आठ तासांचा आणि नेमाचा काय संबंध? संबंध असा की, ज्या कामात केसाच्या सातव्या हिश्शाने माल बाद होतो तेथे दमलेला हात हा सर्वांत वाईट यंत्रभाग होय. आम्ही यंत्रकामगारांत तीस वर्षे वावरलो आहो. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, ओव्हरटाइम सक्तीचा केला तेव्हा शेवटच्या दोन तासांतला बाद माल ढिगाने वाढला. आणि साहेबांनी दोष काढला तो कामगारांच्या निष्ठेचा! निष्ठा सकाळी होती आणि रात्री आटली असे थोडेच असते?

वेगाबद्दलही एक गमतीची गोष्ट आहे. गोळी जितकी जलद तितकी बरी अशी सर्वसाधारण समजूत. १९३० च्या सुमारास जलद काडतुसे निघाली आणि ससे मारणाऱ्यांना आवडली. निशाणबाज मात्र मंद काडतुसालाच धरून राहिले. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याहून जलद निघालेली ही बोथट गोळी हवेचा विरोध फार सोसते, पल्ल्यातच ध्वनीच्या वेगाखाली येते आणि त्या संधीला डळमळते. शिवाय वाऱ्यानेही अधिक वाहवते. म्हणून ध्वनीपेक्षा किंचित मंद, पण दर वेळी अगदी सारखा, असा वेग उत्तम ठरला. घाईपेक्षा सारखेपणा मोलाचा, हा धडा कारखान्याच्या व्यवस्थापकांनीही घ्यावा असा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुढाकार जर्मनीकडे गेला. थुरिंगियातील त्सेला-मेलिस गावी १८५६ पासून बंदुका करणारे आन्शुट्स घराणे युद्धानंतर विस्थापित होऊन उल्म येथे आले. १९५० साली त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि १९५४ साली ‘मॅच ५४’ हा यंत्रभाग काढला. पुढची अनेक दशके जगातल्या स्पर्धांवर त्याची छाप राहिली. याच काळात काडतुसे पारखून घेण्याची रीत रुजली. एकाच यंत्रावर, एकाच मसाल्याने केलेली काडतुसे सोमवारच्या खेपेची वेगळी आणि गुरुवारच्या खेपेची वेगळी निघतात. म्हणून नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंजात घट्ट आवळतात, निरनिराळ्या खेपांच्या गोळ्या सोडून बघतात आणि जी खेप त्या नळीला मानवते ती वर्षभराची घेऊन ठेवतात. नवी-नवी यंत्रे आली तरी ही पारख टळलेली नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर दार उघडले. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढेही चालू राहिली. १८७८ चा जुना कायदा जाऊन १९५९ चा नवा कायदा आला. बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्यात आपल्या कामगारांनी टू-टू रायफली घडविल्या. आणि मग आपल्या कोल्हापूरकडे पाहा. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत हिने पन्नास मीटर प्रोन प्रकारात सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने तीन आसनांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले. हा तरुण रेल्वेत तिकीट तपासनीस होता. एका कामगाराच्या हाती अनेक देशांतल्या अनोळखी कामगारांची कारागिरी होती आणि त्यांचा संयुक्त नेम लागला, असे आम्ही म्हणतो. यात नेमबाजाचे श्रेय रतीभरही कमी होत नाही. वारा त्यालाच ओळखावा लागतो, श्वास त्यालाच आवरावा लागतो.

आपल्या परंपरेने कारागिराला अगदीच विसरले असे मात्र नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात बाण घडविणारा एक कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी बाण सरळ करण्यात गढलेल्या त्या माणसाला ती कळली नाही. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला हे आपण मुलांना सांगतोच. त्याच्या जोडीला या बाणकऱ्याला फक्त बाण दिसला हेही सांगू या. आणि पुढे एवढेही जोडू या, की ज्याच्यापाशी अवधूत शिष्य म्हणून उभा राहिला त्या माणसाला पोटभर अन्न, शुद्ध हवा आणि आठ तासांनंतरची विश्रांती मिळाली पाहिजे. समाजाचा नेम येथे चुकला, तर कागदावरच्या दहा गुणांना फारसा अर्थ उरत नाही.